कंबर दुखते म्हणून गेले, तर डॉक्टर म्हणाले सायकॉलॉजिस्टकडे जा

मॅडम, पत्र मुलगी लिहित्या, बोलतोय मी. आई बोलली तसंच लिही म्हटलंय तिला. वय ४८, शाळा सातवीपर्यंत. घरात बसून कोल्हापुरी चपलंच्या वेण्या घालतो, जोडीवर पैसं मिळत्यात. कंबर सहा वर्षं झाली दुखत्या. एमआरआय काढला, त्यात चकती सरकल्या म्हणून सांगितलं. पट्टा वापरला, लाईटचा शेक घेतला, कमरंत इंजेक्शनं घेतली, एका गावात जाऊन कंबर बसवून पण आलो. चार दिवस बरं, परत हाय तसंच. आता खाली बसून उठायचं म्हटलं की भ्या वाटतंय. घागर उचलत न्हाई, लांब जात न्हाई, जोतिबाला जाऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी फाईल बघितली आणि म्हणाले, आता सायकॉलॉजिस्टकडं जावा. बाहेर आल्यावर मालक म्हणालं, म्हणजे तुझी कंबर दुखतच न्हाई, डोस्क्यात हाय सगळं. सासूबाई तर आधीपासनंच म्हणत्यात, काम चुकवायचं सोंग हाय. मुलीनं मोबाईलवर बघितलं, अमेरिकेत बोलून बोलून कंबर बरी करत्यात म्हणं. बोलून चकती आत जाती का? आणि जात असली तरी ते शिकल्या-सवरल्या लोकांचं. माझ्यासारखीला ते लागू पडंल का? खरं सांगा.

एक वाचक, कोल्हापूर

ताई,

खरं सांगा म्हणालात, म्हणून आडवळण न घेता सांगते. तुमची कंबर खरोखर दुखते. बोलून चकती आत जात नाही. आणि तरीही त्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. चुकलं ते सांगणं. सहा वर्षं दुखणं काढलेल्या बाईला फाईल मिटता मिटता एका वाक्यात सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं, तर घरी त्याचा अर्थ तुमच्या मालकांनी लावला तसाच लागणार. डॉक्टरांनी अजून पाच मिनिटं बसवून घेतलं असतं तर तुम्हाला हे पत्र सांगावं लागलं नसतं. ती पाच मिनिटं आता आपण इथं काढू. थोडी जास्तच लागतील.

सासूबाईंपासून सुरुवात करते. वेदनेवर काम करणाऱ्या डॉक्टर-संशोधकांची एक जागतिक संघटना आहे. २०२० साली त्यांनी वेदनेची व्याख्या नव्यानं मांडली आणि सोबत काही टिपा जोडल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की माणूस दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आणि असंही म्हटलंय की वेदना म्हणजे नुसती नसेतून गेलेली कळ नव्हे. शरीर, मन आणि भोवतालची परिस्थिती या तिन्हींचा तिच्यावर कमी-जास्त परिणाम होतो. म्हणजे ‘एमआरआयमध्ये दिसलं तर खरं, नाहीतर सोंग’ हा हिशेब जगातल्या वेदनातज्ज्ञांनी मोडीत काढलेला आहे. सोंग करणारी बाई सहा वर्षं इंजेक्शनं टोचून घेत नाही, हे सांगायला खरं तर कुठली संघटनाही लागू नये.

आता तुमची चकती. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची पाठ-कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ३,११० लोकांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन पाहिले होते. विशीतल्या बिनदुखण्याच्या लोकांतही शंभरात ३० जणांची चकती फुगलेली निघाली. पन्नाशीत ६० जणांची. ऐंशीच्या घरात ८४ जणांची. पुन्हा सांगते, ही सगळी कंबर न दुखणारी माणसं होती. तुमच्या गल्लीतल्या तुमच्याच वयाच्या, खुशाल घागर उचलणाऱ्या बायकांचे एमआरआय काढले, तर निम्म्या जणींच्या फाईलवर तुमच्यासारखंच काहीतरी लिहिलेलं असेल. तेव्हा ‘चकती सरकली’ हे ऐकल्यापासून तुम्ही जे चित्र डोळ्यांपुढे धरलंय, की कण्यातला एक तुकडा जागा सोडून बाहेर आलाय आणि वाकलं की आणखी निसटेल, ते चित्र मनातून काढून टाका. चकत्या अशा निसटत नाहीत.

याचा अर्थ तपासण्या फुकट गेल्या असा नाही. काही गोष्टी आधी नक्की बाजूला काढाव्या लागतात आणि त्या डॉक्टरांनीच काढायच्या असतात. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, यांपैकी काही झालं तर मानसतज्ज्ञ, फिजिओ सगळं सोडून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात गेलं पाहिजे. कारण नसताना वजन घटणं, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री झोपेतून उठवणारी आणि कूस बदलूनही न हटणारी कळ, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही सापडतो, म्हणून ताप आणि वजनाचं मी मुद्दाम लिहिते. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तरी पुढच्या वेळी डॉक्टरांना थेट विचारा, ‘यातलं काही नाही ना?’ उत्तर ‘नाही’ असं आलं की ती शंका तिथंच मिटवा.

मग चकती फार मोठी दोषी नसेल तर दुखतंय काय? घरात एकदा चोरी झाली की राखणीचं कुत्रं पुढं बरेच दिवस दूधवाल्यावरही भुंकतं. चोर कधीच गेलेला असतो, पण भुंकणं काही खोटं नसतं, कुत्र्याला तो धोका खराच वाटत असतो. शरीरातल्या नसा, मणक्यातला मज्जारज्जू आणि मेंदू यांचं असंच होऊ शकतं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात, आणि त्यात बऱ्याचदा मूळ इजा भरून आलेली असते पण मज्जासंस्था फार हळवी होऊन बसलेली असते. अपुरी झोप, पैशाची काळजी, घरातले टोमणे, ‘आता आपलं असंच राहणार’ हा विचार, हे सगळं तिला अधिक हळवं करतं. यात भीतीचा वाटा मोठा. व्लायेन आणि लिंटन या दोन संशोधकांनी २००० साली या फेऱ्याची नीट मांडणी केली: दुखतं, म्हणून वाकायची भीती वाटते, म्हणून वाकणं टळतं, न वाकल्यानं स्नायू कमकुवत होतात आणि माणूस एकटा पडतो, मग थोड्याशा हालचालीनंही जास्त दुखतं, आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. घागर सुटली, लांबचं चालणं सुटलं, जोतिबा सुटला. तुमच्या पत्रात तो फेरा जसाच्या तसा आहे.

बोलण्याचे उपचार या फेऱ्यावर काम करतात, चकतीवर नाही. पण ‘बोलणं’ म्हटल्यावर तुम्हाला वाटत असेल की समोर बसवून चार समजुतीच्या गोष्टी सांगतील आणि मन खंबीर करा म्हणतील. तसं कुणी केलं तर सरळ उठून या, तो उपचारच नाही. खऱ्या उपचाराला सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी म्हणतात. त्यात गप्पांपेक्षा करून बघणं जास्त असतं. त्याचं काम कसं चालतं ते तुमच्या वेणीच्या कामावरूनच सांगते.

तुमचं आत्ता काय होत असणार? ज्या दिवशी कंबर बरी, त्या दिवशी सहा तास मान वर न करता वेण्या घालायच्या, राहिलेलं सगळं उरकायचं. मग दोन दिवस आडवं पडायचं. सणाच्या तोंडावर मोठी ऑर्डर आली की हेच आणखी जोरात. यात शरीर एकच गोष्ट शिकतं: काम म्हणजे दुखणं. अमेरिकेत विल्बर्ट फोर्डाइस नावाच्या मानसतज्ज्ञानं गेल्या शतकाच्या साठच्या-सत्तरच्या दशकात हे ओळखलं आणि नियम उलटा केला. कंबर सांगेल तेव्हा थांबायचं नाही, घड्याळ सांगेल तेव्हा थांबायचं. आधी चार-पाच दिवस नुसतं बघायचं की किती वेळ बसलं की कंबर बोलायला लागते. समजा चाळीस मिनिटं. मग सुरुवात तीस मिनिटांनी करायची. मोबाईलला गजर लावायचा, गजर झाला की उठायचं, दारापर्यंत जायचं, पाणी प्यायचं, दोन-तीन मिनिटांनी परत बसायचं. वाईट दिवशीही जमेल तितकं हेच, आणि चांगल्या दिवशीही एवढंच. ही चांगल्या दिवसाची अट सगळ्यात जड जाते, कारण हात चालू असतो, वेणी जमत असते आणि उठावंसं वाटत नाही. पण खरा फरक तिथंच पडतो. आठवड्याभरानं पाच मिनिटं वाढवायची.

घागरीचंही तसंच. ज्या-ज्या गोष्टींची भीती वाटते त्यांची उतरंड लावायची, सगळ्यात कमी भीतीची खाली आणि सगळ्यात जास्त भीतीची वर. मग खालून सुरुवात. रिकामी कळशी वाकून उचलायची. आधी स्वतःला विचारायचं, काय होईल असं वाटतंय? ‘कंबर लॉक होईल.’ उचलायची, ठेवायची. झाली का लॉक? थोडी कळ आली, लॉक नाही झाली. दोन-चार दिवसांनी पाव कळशी पाणी घालून. मेंदूला भाषण देऊन हे पटत नाही, वाकूनच पटवावं लागतं. आणि थोडं दुखलं म्हणजे कण्याला इजा झाली, असा अर्थ होत नाही, हे तज्ज्ञ जवळ असताना अनुभवलं की भीती फार लवकर उतरते.

याशिवाय झोपेची घडी बसवणं, सावकाश श्वास घेऊन ताठलेले स्नायू सैल करणं, ‘माझा कणा गेला’ असा विचार आला की तो पुराव्याशी ताडून बघणं, हेही असतं. काही ठिकाणी वेदनेशी झगडत बसण्यापेक्षा ती असतानाही आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींकडे पाऊल टाकायला शिकवतात. तुमच्या बाबतीत ते पाऊल जोतिबाच्या दिशेनं असेल, तर ध्येय तेच ठेवा. फक्त चैत्र यात्रेचा किंवा रविवारचा दिवस धरू नका. आडवारी, गर्दी नसताना, पायऱ्यांवर हवं तिथं टेकता येईल अशा वेळी जा.

ध्यानाबद्दलही मुलीनं वाचलं असेल. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला, तो आता आठ आठवड्यांचा असतो. बौद्ध ध्यानातलं ‘जे आहे ते फक्त बघणं’ त्यात घेतलं, धर्म बाजूला ठेवला. आपल्याला हे परकं नाही, आपल्या जिल्ह्यात आळत्यालाही विपश्यना केंद्र आहे. पण म्हणून उद्या उठून दहा दिवसांच्या शिबिराला बसू नका. दिवसभर मांडी घालून बसायचं ते शिबिर कंबरदुखीवरचा उपचार म्हणून आखलेलं नाही. त्या आठ आठवड्यांच्या वर्गात पडून, चालत, हळूहळू अंग ताणत सराव करतात, दोन्हींत फरक आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. माझ्यासारखीला लागू पडंल का?

पुरावा काय सांगतो ते आकड्यांसकट सांगते, कारण मोबाईलवर त्यातले सोयीचे तेवढेच फिरतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जुनाट कंबरदुखीच्या ३४२ जणांवर झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला सीबीटी, एकाला ते ध्यानाचं शिक्षण, एकाला नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी बघितलं, तर रोजची कामं करण्यात जाणवण्याइतका फरक पडलेले लोक ध्यानाच्या गटात शंभरात सुमारे ६१, सीबीटीच्या गटात ५८, आणि नेहमीच्या उपचारांवर ४४. म्हणजे काहीही वेगळं न करता सुधारणारेही बरेच होते, आणि या उपचारांनी शंभरात आणखी चौदा ते सतरा जणांना हात दिला. जादू नाही, पण टाकाऊही नाही. २०२० मध्ये जुनाट वेदनेवरच्या ७५ चाचण्या, नऊ हजारांवर माणसं, असा एक मोठा आढावा निघाला. त्यातही सीबीटीचा फायदा खरा पण सरासरीनं लहानच निघाला. जो कुणी तुम्हाला ‘हमखास बरं करतो’ म्हणेल, तो मानसतज्ज्ञ असो नाहीतर कंबर बसवणारा, त्याच्यापासून लांब राहा.

मुलीनं पाहिलेला व्हिडिओ बहुधा कोलोरॅडोतल्या चाचणीवरचा असणार. १५१ जण होते. ‘दुखणं मेंदूनं शिकलेलं आहे, ते विसरता येतं’ असं शिकवणाऱ्या एका नव्या उपचारानं चार आठवड्यांत त्या गटातले ६६ टक्के लोक दुखण्यातून पूर्ण किंवा जवळजवळ सुटले. औषध नसलेलं नुसतं सलाईन टोचलेल्या गटात २० टक्के, नेहमीच्या उपचारांवर १० टक्के. आकडे जबरदस्त आहेत, आणि म्हणूनच त्यावर इतके व्हिडिओ आहेत. पण त्यातली माणसं बहुतेक गोरी, भरपूर शिकलेली आणि मध्यम दुखण्याची होती. हे व्हिडिओ बनवणारे शेवटचं वाक्य कधी वाचून दाखवत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. तुमची शंका, की हे शिकल्या-सवरल्यांचं, ती अडाणीपणाची नाही, संशोधकही हीच शंका घेतात.

आणि म्हणूनच तिसरी चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यात, गरीब वस्तीतल्या दवाखान्यांत, जुनाट दुखण्याच्या २९० लोकांना घेऊन ती झाली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन तृतीयांश लोक अल्पसंख्याक समाजातले, बहुतेक कृष्णवर्णीय. बायका जास्त. बहुतेकांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या आसपास किंवा खाली. आणि एक तृतीयांशाहून जास्त लोकांना पाचवीच्या मुलाइतकंही वाचता येत नव्हतं. तुम्ही सातवी शिकलात, त्यांच्यापेक्षा पुढंच आहात. तिथल्या मानसतज्ज्ञांनी नेहमीची सीबीटी घेतली आणि तिच्यातली जड भाषा, लांबलचक लिखाण, फॉर्म भरणं काढून टाकलं; चित्रं घातली, सोप्या गोष्टी घातल्या. दर आठवड्याला दीड तास, दहा आठवडे. शेवटी या गटाचं दुखणं आणि हालचाल, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांपेक्षा सुधारली. दुसऱ्या एका गटाला फक्त सोप्या भाषेत वेदना समजावून सांगितली होती, एकत्र बसून चर्चा केली होती. त्यांनाही फायदा झाला! आपलं दुखणं नेमकं काय आहे हे कुणीतरी आपल्या भाषेत, वेळ देऊन सांगणं, यातच केवढं औषध आहे बघा.

तेव्हा उत्तर असं: लागू पडतं, पण उपचार तुमच्या मापानं बेतलेला हवा. समोरचा पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजीमिश्रित बोलत असेल तर ‘मला कळलं न्हाई, परत सांगा’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. रोज रात्री डायरी लिहा म्हणाला तर सांगा, मी लिहिणार नाही, कॅलेंडरवर खुणा करीन. खुर्चीवरचे व्यायाम दिले तर सांगा, माझं काम जमिनीवरचं आहे, पाटावर बसून काय करू ते सांगा. चांगला तज्ज्ञ यानं दुखावत नाही, त्याला हीच माहिती हवी असते.

एका गोष्टीवर मात्र मी उपचार करणाऱ्यांच्या बाजूनं बोलणार नाही. तुम्हाला पैसे जोडीवर मिळतात. दर अर्ध्या तासानं उठा हे सांगणं सोपं आहे, पण उठलेल्या प्रत्येक मिनिटाला तुमच्याकडे किंमत आहे, पगारी माणसाला ती नसते. पहिले काही आठवडे कदाचित जोड्या कमी होतील. हे घरी मालकांशी आधीच मोकळं बोला, मोठ्या ऑर्डरी त्या काळात घेऊ नका, आणि महिन्यानं हिशेब करून बघा. आडवं पडून गेलेले दिवस कमी झाले, तर जोड्या कमी झालेल्या नसतीलही. पोटाच्या प्रश्नाला ‘नकारात्मक विचार’ म्हणणारा मानसतज्ज्ञ भेटला, तर दुसरा शोधा.

पट्ट्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. कमरेचे पट्टे, वजन लावून ताणणं, अल्ट्रासाऊंडचा शेक, या गोष्टी नेहमीच्या उपचारात नकोत असं त्यांनी म्हटलंय. हव्यात त्या गोष्टींत दुखण्याबद्दलचं शिक्षण, नियमानं व्यायाम, आणि सीबीटीसारखे मानसिक उपचार आहेत. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी काही जगावेगळं सांगितलं नव्हतं. पट्टा एकदम फेकू नका, कारण त्याची सवय आणि आधार दोन्ही लागलेले असतात. कामाच्या तुकड्यांत एकेक तुकडा पट्ट्याशिवाय करत सोडा. गोळ्यांचं तर अजिबात मनानं करू नका. दुखण्यासाठी दिलेल्या काही गोळ्या अचानक बंद केल्या तर त्रास होतो, त्या डॉक्टरांना विचारून उतरवतच बंद करायच्या.

आता जायचं कुठं. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, तिथं केसपेपर काढून दाखवता येतं. खासगीत जायचं तर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ आहेत का आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारा. नुसता समुपदेशनाचा बोर्ड बघून आत जाऊ नका. फोनवर आधी एवढंच विचारायचं: जुनाट दुखण्याच्या पेशंटबरोबर काम केलंय का, साधारण किती वेळा यावं लागेल, आणि फायदा होतोय हे कशावरून ओळखायचं. सहा ते दहा भेटी हा साधारण अंदाज. ‘बघू, येत राहा’ असं उत्तर आलं तर ते पुरेसं नाही.

कोल्हापुरात कंबरदुखीसाठीच सीबीटी करणारं माणूस पहिल्या झटक्यात मिळेलच असं नाही. तेव्हा दुसरा रस्ता सांगते. ऑस्ट्रेलियात ४९२ जणांवर झालेली एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हे भीती उतरवण्याचं, हालचाल परत शिकवण्याचं काम मानसतज्ज्ञांनी नाही, तर खास शिकवलेल्या फिजिओथेरपिस्टनी केलं. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी, नंतर एक उजळणी. फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. म्हणून असा फिजिओथेरपिस्ट शोधा, जो मशीन लावून बाजूला जात नाही, जो तुम्हाला वाकायला लावतो, भीती कशाची वाटते ते विचारतो. सासूबाईंना ‘फिजिओकडं जाऊन येतो’ एवढं सांगितलं तरी घरातला निम्मा वाद टळेल, हा फायदा वेगळाच.

आणि रात्री मन फारच खचलं, जगण्यात राम वाटेना, तर कंबर बरी व्हायची वाट न बघता १४४१६ या नंबरला फोन करा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जुनाट दुखणं आणि उदासी या दोन्ही गोष्टी एकमेकींना वाढवतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मालकांसाठी दोन वाक्यं, त्यांना वाचून दाखवा. दादा, तुमची बायको वेडी नाही आणि तिचं दुखणंही खोटं नाही. तिला ‘सोंग’ म्हणू नका, आणि उलट ‘तू काही करू नको, पडून राहा’ असंही म्हणू नका. संशोधनात टोमण्यांनी दुखणं वाढतं तसं अतिकाळजीनंही माणूस जास्त अडून राहतो असं दिसलंय. दर तासाला ‘दुखतंय का’ विचारण्यापेक्षा, ती गल्लीच्या टोकापर्यंत चालून आली की त्याबद्दल विचारा. एका भेटीला सोबत जा आणि तुमच्या मनातल्या शंका तिथंच विचारा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरी बायकोनं ते तुम्हाला पटवून द्यायची गरज राहत नाही.

आणि पत्र लिहिणाऱ्या मुलीला: आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलंस, छान केलंस. आता व्हिडिओ बंद कर आणि कळशीची ती उतरंड आईसोबत बसून कागदावर चित्रं काढून तयार कर. आई पाव भरलेली कळशी उचलायला गेली की पळत जाऊन तिच्या हातातून घेऊ नकोस, शेजारी उभी राहा. पहिल्या भेटीला जाताना एमआरआयची फाईल, आधीच्या चिठ्ठ्या आणि सध्या चालू असलेल्या गोळ्या पिशवीत घाल. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही चालतात.